वाटणीत आलेल्या लिव्हर-ॲक्शन रायफलीची रास्त किंमत कशी काढायची?

करवीरकाठ

नमस्कार मंडळी. घरच्या वाटणीच्या कागदात एक रायफल धरायची आहे. बाहेर विकायची नाही. दोघा भावांपैकी एक ती स्वतःच्या परवान्यावर घेणार आणि दुसऱ्याला किमतीतला अर्धा वाटा देणार. भांडण नाही, पण आकडा दोघांनाही पटावा असा हवा.

माहिती अशी: विंचेस्टर मॉडेल ९४ (लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाखालची कडी खाली-वर करून काडतूस भरायची), कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, नळी २० इंच. नळीवर '३० डब्ल्यूसीएफ' असं कोरलंय. नंबर १६ लाखांच्या थोडा पुढचा. परवाना वडिलांच्या नावे, वय ७४, परवान्यावर फक्त '.३० बोअर रायफल' एवढंच लिहिलंय. दस्त्याला मागच्या पट्टीपाशी अंगठ्याएवढी चीर. नेम धरायची पुढची माशी मूळची नाही, पितळेचा थेंब डाख लावून बसवलाय. दोन स्क्रूंच्या खाचा खाल्लेल्या. नळीत बघितलं तर काळपट दिसतं. काडतुसं १८. ठेवलेली असते कातडी कव्हरात.

अमेरिकेतल्या साइटवर या मॉडेलच्या किमती दिसतात, त्या रुपयांत करून धरल्या तर चालेल का?

व्यवस्थापक

धागा चालू ठेवतोय, एकच अट: खरेदी-विक्रीची जाहिरात नको, 'मला हवी आहे' असे प्रतिसाद नकोत, आणि रायफलीचा पूर्ण नंबर कुणी लिहू नका. किंमत काढायची पद्धत सांगा. हिशेबासाठी आकडे लागले तर 'समजा' म्हणून घ्या.

लोहारकाम

अमेरिकेतला भाव इथे लावू नका. तिथे या रायफलीची काडतुसं किराणा दुकानाइतक्या सहज मिळतात, सुटे भाग टपालानं येतात आणि जुन्या विंचेस्टरी जमवणारे हजारो आहेत. आपल्याकडे यातलं एकही नाही. उलट आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला परदेशी बंदूक आणायला बंदी आहे, त्यामुळे परदेशी नावाला वेगळी किंमत येते. ती मुख्यतः पिस्तुल-रिव्हॉल्व्हरला येते. रायफल घेणारा आधी विचारतो, गोळी मिळते का.

आता तुमची रायफल काय आहे ते आधी ठरवू, किंमत नंतर.

वय: या मॉडेलचा १० लाखावा नग १९२७ साली अध्यक्ष कूलिज यांना भेट दिला होता, १५ लाखावा १९४८ साली ट्रुमन यांना, २० लाखावा १९५३ साली आयझेनहॉवर यांना. तुमचा १६ लाखांचा, म्हणजे साधारण १९४९ च्या आसपासचा. एवढा अंदाज किमतीला पुरे. कंपनीच्या जुन्या नोंदींवरून पत्र मिळतं असं कुणी सांगेल, पण या मॉडेलच्या त्या नोंदी साडेतीन लाखांच्या नंबरापर्यंतच उपलब्ध आहेत, तुमच्या नगाला उपयोग नाही.

१९४९ म्हणजे १९६४ च्या आधीची. हे महत्त्वाचं. १९६४ साली खर्च कमी करायला कंपनीनं बरेच भाग बदलले. काडतूस उचलणारा भाग पत्र्याचा दाबून केला, भरीव पिनांच्या जागी गुंडाळलेल्या पोकळ पिना आल्या, रिसिव्हरचा (यंत्रणा बसते त्या मधल्या साच्याचा) धातू असा आला की त्यावर नेहमीचं ब्लूइंग, म्हणजे गंज रोखणारा निळसर-काळा थर, नीट धरत नाही. नंबरही २७ लाखांपासून नव्यानं सुरू केले. त्यामुळे २७ लाखांच्या आतला नंबर असला की घडाई जुनी, पोलाद भरीव. याचे पैसे इथेही मिळतात, पण थोडे.

'३० डब्ल्यूसीएफ' आणि '.३०-३०' हे एकच काडतूस. जुन्या नळ्यांवर पहिलं नाव, पुढच्या नळ्यांवर दुसरं.

नोंदवही

लोहारकाम यांनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. या प्रकारात अर्धी किंमत कागदात असते.

१) परवान्यावरचं '.३० बोअर' हे अपुरं आहे. .३०-३०, .३०-०६ आणि .३० कार्बाइन ही तीन वेगळी काडतुसं आणि तिन्हींना बोली भाषेत '.३०' म्हणतात. नावावर करण्याच्या अर्जातच नळीवरची अक्षरं जशीच्या तशी लिहा आणि नवीन परवान्यावर '.३०-३० विंचेस्टर' अशी नोंद मागा. नाहीतर पुढे दुकानदार .३०-०६ ची पेटी समोर ठेवेल. ती या रायफलीत जाणारच नाही: .३०-३० चं पूर्ण काडतूस साधारण ६५ मिमी, .३०-०६ चं ८५ मिमी. पण पैसे गेलेले असतील आणि परवान्यावर चुकीची नोंद पडलेली असेल.

२) वडील हयात आहेत आणि वय ७० च्या पुढे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे करता येतं. हा रस्ता आत्ताच धरा. अर्ज नागाळा पार्कात जिल्हाधिकारी कार्यालयात, कोल्हापूरला आयुक्तालय नसल्यामुळे परवाना अधिकारी जिल्हाधिकारीच. दुसऱ्या भावाचं ना-हरकत लेखी जोडा.

३) जो भाऊ घेणार त्याच्याकडे आधी काय आहे? २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं, वारसानं आलेलीही त्यातच धरतात.

४) वाटणीच्या कागदात 'रायफल अमुक भावास दिली' असं लिहून ती त्याच दिवशी त्याच्या घरी नेऊ नका. नावावर नोंद होईपर्यंत ताबा वडिलांचाच.

करवीरकाठ

घेणाऱ्या भावाकडे एक बारा बोअर बंदूक आहे. म्हणजे ही धरून दोन होतील.

नोंदवही

बसतं. पण मग मर्यादा भरली. उद्या त्याला गोळी सहज मिळणारी दुसरी रायफल घ्यायची झाली तर ही सोडावी लागेल. घेणारा भाऊ दोनांतली एक जागा या रायफलीला देतोय, हे किंमत ठरवताना दुसऱ्या भावानं लक्षात घ्यावं.

उसाचा_फड

एक शंका. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं जुनी आहे तर आणखी काही वर्षांनी शंभरी गाठेल. मग ही पुरातन वस्तू म्हणून परवान्यातून सुटते आणि किंमत वाढते असं आमच्याकडं बोलतात. खरं का?

नोंदवही

नाही दादा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुनाट किंवा पुराणवस्तू-मूल्याच्या अथवा मोडक्या अशा शस्त्राला, जे दुरुस्त करूनही आणि न करूनही बंदूक म्हणून वापरता येत नाही. नुसत्या वयानं सूट मिळत नाही. या रायफलीत आजही गोळी बसते आणि सुटते. शंभर काय, दीडशे वर्षांची झाली तरी परवाना लागणार. 'अँटिक आहे, कागद लागत नाही' असं सांगून कुणी जास्त भाव सांगत असेल तर तिथून उठून यावं.

लोहारकाम

आता तपासणी. ही घरी वडिलांसमोर करता येते. त्याआधी एक गोष्ट, हिच्यात काडतुसं नळीखालच्या लांब नळीत (मॅगझिन नळीत) असतात आणि या वर्षांच्या मॉडेलला वेगळी सेफ्टी नाही. रिकामी करायची म्हणजे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, बोट चापापासून लांब ठेवून, लिव्हर पूर्ण खाली-वर करत एकेक काडतूस बाहेर काढायचं. बाहेर यायचं थांबलं म्हणजे संपलं असं समजू नका. स्प्रिंग अडकून एखादं आत राहतं. लिव्हर उघडी ठेवून बॅटरीनं आत बघा, मॅगझिन नळीतल्या दट्ट्याचं टोक दिसलं पाहिजे आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी रिकामं दिसलं पाहिजे. मगच पुढे. खऱ्या काडतुसांची पेटी दुसऱ्या खोलीत.

घोडा: पूर्ण ताणा, बोटं चापापासून दूर, आणि अंगठ्यानं घोडा मागून पुढे जोरात ढकला. पडता कामा नये. मग अर्ध्या खाचेवर (घोडा थोडासाच मागे अडकून राहतो त्या जागी) आणा आणि चाप नेहमीपेक्षा जास्त जोरानं ओढा. तरीही पडता कामा नये. या रायफलीची खरी सेफ्टी म्हणजे ही अर्धी खाच. ती तुटली तर भरलेली रायफल खांद्यावर टाकून चालणं धोक्याचं.

चापाचा अटकाव: लिव्हर अर्धा इंच उघडी ठेवून चाप ओढा. सुटता कामा नये. लिव्हर दस्त्याला घट्ट मिटली की खालची छोटी पिन आत दाबली जाते आणि मगच चाप मोकळा होतो. पिन अडकलेली असते किंवा कुणी शहाण्यानं काढून टाकलेली असते.

बंदिस्तपणा: बोल्टच्या मागे एक उभा ठोकळा लिव्हरबरोबर वर चढतो, तोच स्फोटाचा सगळा धक्का घेतो. लिव्हर मिटल्यावर तो पूर्ण वर चढला पाहिजे. लिव्हर मिटलेली असताना ती बाजूला जराशी हलणं चालतं, खाली लटकणं चालत नाही.

चाल: चपट्या टोकाची डमी काडतुसं मिळाली तर सहा भरून हळू आणि मग जलद चालवून बघा. हळू चालवताना अडकते आणि जलद चालवताना नाही, असं असेल तर बहुतेक उचलणाऱ्या भागाची झीज. शेवटची दोनच अडकतात तर मॅगझिन नळीची स्प्रिंग थकलेली. मधलंच एखादं अडकतं तर त्या नळीला बाहेरून पोचा आहे का ते बोट फिरवून बघा.

नळी: 'काळपट दिसतं' यावरून काहीच कळत नाही. वर्षानुवर्षांचा तांबं-शिशाचा थर काळा दिसतो आणि त्याखाली आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) चांगले असू शकतात, नाहीतर त्याच थराखाली गंजाचे खड्डे लपलेले असतात. आधी सॉल्व्हंट आणि .३० चा ब्राँझ ब्रश, मग फडक्याचे तुकडे, तुकडा स्वच्छ येईपर्यंत. एका दिवसात होत नाही, रात्रभर भिजू द्यावं लागतं. लिव्हर उघडून आत पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून बघा.

आणि इथेच या जातीच्या रायफलीचा ठरलेला आजार आहे. बोल्ट सहज निघत नाही म्हणून सगळे जण सळई तोंडाकडून घालतात. पन्नास वर्षं सळई एकाच बाजूला घासली की तोंडाशी आटे झिजतात आणि गोल तोंड अंडाकृती होतं. बाकी नळी आरशासारखी असूनही गोळी भरकटते. साफ करताना तोंडावर पितळी गाइड बसवा. झीज बघायला भिंग पुरतं; गुजरीत सोनारांकडे दहापटीचं मिळतं, ते घ्या. तोंडाच्या कडेला आटे संपतात तिथे प्रत्येक आट्याची धार सारखी दिसली पाहिजे.

राधानगरी_रोड

वरचं सगळं बरोबर. एक भर: काडतुसांचा मापफरक. मॉडेल ९४ ही .३२ स्पेशल या दुसऱ्या काडतुसासाठीही यायची. दोन्ही काडतुसांचं बूड एकाच घराण्यातलं, त्यामुळे .३०-३० चं काडतूस .३२ स्पेशलच्या चेंबरमध्ये बसतं आणि सुटतंही. पण .३०८ इंचाची गोळी .३२१ च्या नळीत सैल जाते आणि पुंगळीची (काडतुसाच्या पितळी आवरणाची) मान फाटते. करवीरकाठ यांच्या नळीवर अक्षरं स्पष्ट आहेत म्हणून त्यांना भीती नाही, पण दुसरं कुणी हा धागा वाचून तपासत असेल तर आधी नळीवरची अक्षरं, मग काडतुसाच्या बुडावरची अक्षरं, दोन्ही जुळतात का बघावं.

.३०-३० ला चपटं टोक का लागतं हेही लिहून ठेवतो. मॅगझिन नळीत काडतुसं एकामागे एक असतात, पुढच्याच्या बुडातल्या टोपीवर मागच्याचं टोक टेकतं. टोकदार गोळी असली आणि रायफल हातातून पडली तर टोपीवर घाव बसू शकतो. परदेशात मऊ प्लास्टिक टोकाच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या यासाठीच. तुमची १८ काडतुसं चपट्या टोकाची आहेत का?

करवीरकाठ

हो, सगळी चपटी, टोकाला शिसं उघडं. चार पुंगळ्यांवर हिरवट डाग आहेत.

राधानगरी_रोड

हिरवट डागाची चार वेगळी काढा आणि झाडू नका. जुनी आहेत म्हणजे टोपीतल्या रसायनानं नळी गंजवणारी असू शकतात. उरलेली १४.

आता किमतीतला सगळ्यात मोठा तुकडा इथेच आहे. आपल्या सरकारी कारखान्यांतून रायफलीची काडतुसं निघतात ती .३१५, .३०-०६, .२२ वगैरे. .३०-३० त्यात नाही. कुठल्या दुकानात जुना साठा निघाला तर निघाला. घरी भरणं हा पर्याय समजू नका. काडतूस भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत दारूगोळा बनवणं, त्याला वेगळा परवाना लागतो. म्हणून १४ चांगली काडतुसं सोबत असलेली .३०-३० आणि एकही नसलेली .३०-३० या दोन वेगळ्या किमतीच्या वस्तू. काडतुसांचीही नोंद परवान्यावर असते, ती सुटी विकायची गोष्ट नाही.

पन्हाळी_धुकं

मी वेगळं मत मांडतो. तुम्ही सगळे वापरणाऱ्याच्या नजरेनं बघताय. १९४९ ची विंचेस्टर, घडाई जुनी. दस्ता नवा पॉलिश करून, नळी पुन्हा ब्लू करून घेतली, पितळेची माशी काढून चांगली बसवली तर बघणाऱ्याला ती नवी वाटेल. मग भाव चढा सांगता येईल. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात शस्त्रं कशी झळकतात बघा.

लोहारकाम

पन्हाळी_धुकं, कृपा करून असं कुणाला सुचवू नका. कळकळीनं सांगतो.

जुनी बंदूक पुन्हा ब्लू करायची म्हणजे आधी चाकावर पॉलिश करावी लागते. त्यात कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं उथळ होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात. जाणकाराला हे दोन हातांवरून दिसतं. मग तो म्हणतो, वरचं लपवलं तर आतलं काय काय लपवलं असेल. मूळ तपकिरी झालेल्या रिसिव्हरला जो भाव येतो त्याच्या खाली भाव येतो. आणि नंबर उथळ झाला तर प्रश्न भावाचा राहत नाही, कागदाचा होतो. खोडलेला किंवा बदललेला नंबर हा गुन्हा आहे.

दस्त्याची चीर वेगळी गोष्ट. ती वाढते. प्रत्येक धक्क्याला मागची पट्टी लाकडात पाचरीसारखी घुसते. ती दुरुस्त करायची: तेल पिऊन काळं झालेलं लाकूड आधी सॉल्व्हंटनं कोरडं करायचं, चीर हलकेच उघडून इपॉक्सी आत ओढून घ्यायचं, आतून बारीक खुंटी घालायची. बाहेरून काही रंगवायचं नाही. चीर दिसू द्यावी.

स्क्रू: खाल्लेल्या खाचा बघून घेणारा समजतो की कुणीतरी घरच्या स्क्रूड्रायव्हरनं उघडली होती. विंचेस्टरच्या खाचा अरुंद असतात, आपला पाचरीच्या आकाराचा स्क्रूड्रायव्हर वरच्या कडेवरच बसतो आणि सटकतो. समांतर पात्याचा लागतो. पुढच्या पट्ट्याचा स्क्रू तर नळीच्या खालच्या खाचेतून जातो, तो जोर लावून काढला तर नळीला ओरखडा.

उसाचा_फड

उद्यमनगरात एवढी लेथ, एवढे हुशार टर्नर. स्क्रू आणि माशी तिथं करून घेतली तर काय हरकत? परवानेवाल्या कारागिराकडं महिना-महिना थांबावं लागतंय.

नोंदवही

हरकत कायद्याची आहे. शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो. टर्नर कितीही हुशार असो, त्याच्या टेबलावर रायफल सापडली तर तोही अडकतो आणि तुम्हीही. महिना लागू दे. वडिलांना प्रवास झेपत नसेल तर दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस रायफल नेऊ शकतो, कायद्यात तशी तरतूद आहे. अधिकारपत्र, मूळ परवाना, रायफल रिकामी आणि पिशवीत, काडतुसं वेगळी.

दुधाळीच्या रेंजवर झाडून बघू असंही कुणी सुचवेल. ती क्रीडा नेमबाजांची जागा, तिथे हे चालणार नाही.

करवीरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासणी करून आलो, घरी केलेली आणि परवानाधारक कारागिराकडची, दोन्ही.

नळी: तीन रात्री भिजवल्यावर साफ झाली. आटे पूर्ण लांबीत दिसतात, मधल्या भागात चांगले. चेंबरच्या पुढे साधारण दोन इंच बारीक खड्डे. तोंडाशी एका बाजूला झीज, भिंगातून स्पष्ट.

बंदिस्तपणा: कारागिरानं गेज लावून बघितलं, ठीक.

चापाचा अटकाव: ठीक.

घोडा: पूर्ण खाचेवर ठीक. अर्ध्या खाचेवर चाप जोरात ओढला की पडतो. तीनदा केलं, दोनदा पडला.

चाल: सहाही नीट.

नळी आणि मॅगझिन नळी यांच्या मधल्या फटीत गंज, लाकडाखालीही थोडा.

लोहारकाम

अर्ध्या खाचेचं ऐकून वाईट वाटलं, पण कळलं हे बरं झालं. कारण बहुतेक असं: अंगठ्यानं घोडा सावकाश सोडताना चाप पूर्ण ओढून धरायचा असतो आणि घोडा अर्ध्या खाचेच्या पुढे गेला की सोडायचा असतो. बरेच जण चाप अर्धवट धरतात, मग सिअरचं (खाचेत अडकून घोडा धरून ठेवणाऱ्या भागाचं) टोक खाचेच्या ओठावर आपटतं. वर्षानुवर्षं असं झालं की ओठ तुटतो किंवा टोक गोल होतं. दोन्ही भाग काढून बघितल्याशिवाय कुठला गेलाय ते सांगता येत नाही. टोक गोल झालं असेल तर घासून पुन्हा धार देता येते, काम सोपं. घोड्याची खाच तुटली असेल तर भरणी करून, कोरून, पुन्हा कडक करावी लागते, आणि कडकपणा चुकला तर पूर्ण खाचही जाते. परदेशातून भाग मागवता येत नाही, त्यामुळे हे काम करणारा चांगला हवा.

दुरुस्त होईपर्यंत ही रायफल भरून ठेवू नका. चेंबर रिकामं, नेहमी.

तोंडाची झीज मात्र बरी होते. तोंड पाच-सहा मिलिमीटर मागे घेऊन नव्यानं क्राउन केलं, म्हणजे तोंडाची कड सारखी गोल करून घेतली, की संपलं. पुढच्या पट्ट्याची आणि माशीची जागा बिघडू द्यायची नाही एवढं सांगा.

राधानगरी_रोड

आता हिशेब मांडतो. पाया कुठला धरायचा हे आधी. ही रायफल नसती तर त्याच पैशात घेणाऱ्या भावानं काय घेतलं असतं? वापरलेली, चालती, सरकारी कारखान्याची .३१५ बोल्ट रायफल. तिचा भाव तुमच्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या मिळून तीन दुकानांत विचारा, दुकानदार विकतो तो नाही, घेतो तो. तीन आकड्यांतला मधला धरा. वाटणीत दुकानाचा नफा कुणालाच मिळत नाही म्हणून विकायचा भाव लावायचा नाही.

समजा तो १,००,००० निघाला. आकडा फक्त सोयीसाठी.

काडतूस मिळत नाही: −३५,०००. माझ्या मते हा तुकडा एक तृतीयांशापेक्षा कमी धरणं अन्याय.
१४ चांगली काडतुसं सोबत: +१०,०००.
१९६४ आधीची घडाई आणि नाव: +१५,०००.
चेंबरपुढचे खड्डे: −८,०००. हे परत येत नाहीत.
लपलेला गंज: −४,०००.
माशी मूळ नाही, स्क्रू खाल्लेले: −३,०००.

येतात ७५,०००. यातून कारागिराचा लेखी अंदाज जसाच्या तसा वजा करा: अर्धी खाच, क्राउन, दस्त्याची चीर. इथे अंदाजानं टक्के लावू नका, त्याच्या कागदावरचा आकडाच घ्या. समजा तो १५,००० आला. राहिले ६०,०००. नावावर करायचा सरकारी खर्च दोघांनी अर्धा-अर्धा सोसावा. दुसऱ्या भावाचा वाटा ३०,०००.

लोहारकाम

बहुतेक मान्य. मी घडाईचे १५ न धरता १० धरीन. माशी बदललेली, दस्ता चिरलेला, त्यामुळे जमवणाऱ्याला ती तशीही पूर्ण मूळ वाटणार नाही. आणि गंजाचे ४ ऐवजी ६, कारण दोन नळ्यांमधला गंज पूर्ण उघडल्याशिवाय किती खोल आहे ते कळत नाही.

राधानगरी_रोड

गंजाचं पटलं. घडाईचं नाही. लिव्हर, ठोकळा, उचलणारा भाग, सगळं भरीव पोलादाचं आणि सत्तर वर्षांनी चाल अजून नीट आहे, सहाही काडतुसं जातात. याचे पैसे जमवणारा देत नाही, वापरणारा देतो. १५ च ठेवावेत.

पन्हाळी_धुकं

ब्लूइंगचा मुद्दा मागे घेतो, लोहारकाम यांचं पटलं. एक विचारतो: दुरुस्ती आधी करून मग किंमत काढली तर सोपं नाही का? म्हणजे वजाबाकीच उरत नाही.

राधानगरी_रोड

सोपं वाटतं पण घोड्याची खाच निघाली तर खर्च फुगेल आणि तो कुणी सोसायचा यावर पुन्हा बोलणं. त्यापेक्षा कारागिराकडून दोन अंदाज घ्या, सिअरचं टोक असेल तर इतके आणि खाच असेल तर इतके. कागदात दोन्ही लिहा. उघडल्यावर जे निघेल त्याप्रमाणे वाटा ठरेल.

करवीरकाठ

हे दोघांनाही पटलं. आज फोनवर बोलणं झालं. गंजाचे ६, घडाईचे मधले १२ धरायचं ठरलं. पाया तीन दुकानांत विचारून ठरवू. दोन अंदाज मागितले आहेत.

नोंदवही

छान. वाटणीच्या कागदात एवढं येऊ द्या: मेक, मॉडेल, नळीवरची अक्षरं, पूर्ण नंबर, काडतुसांची संख्या १४ आणि बाजूला काढलेली ४. ती ४ कुठेही फेकू नका, परवान्यावरच्या संख्येत आहेत. परवानाधारक दुकानदाराकडे लेखी पोच घेऊन जमा करा. दुसऱ्या भावाचे पैसे बँकेतून, आणि नवीन परवान्यावर नोंद पडल्यावर. अर्ज नामंजूर झाला तर काय, हेही एक ओळ लिहा: तसं झालं तर रायफल परवानाधारक दुकानदारामार्फत विकून येतील ते निव्वळ पैसे अर्धे-अर्धे.

लोहारकाम

आणि जूनच्या आधी ती कातडी कव्हरातून बाहेर काढा. दोन नळ्यांमधला गंज तिथूनच आलाय. कमावलेलं कातडं आपल्या पावसाळ्यातलं पाणी धरून ठेवतं आणि त्यातलं आम्ल लोखंड खातं. तेलाचा पातळ हात, तोंडाखाली कापड घालून उभी, सुती गवसणीत, सिलिका जेलची पुडी दर पंधरा दिवसांनी तव्यावर कोरडी करून. आचारसंहितेत ठाण्यात जमा करायची वेळ आली तर देताना फटीत तेल सोडा, दस्त्याचा आणि चिरेचा फोटो काढून ठेवा, आणि परत आल्या दिवशी पुसून घ्या.

करवीरकाठ

कव्हरातून आजच काढली. फटीत तेल सोडलंय, उद्या पुन्हा बघतो.